हौसाबाईचा जोसेफ

सुकापूरच्या हौसाबाईचं डोकं फिरलं की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. त्या दिवशी ते फिरलं टपाल नाक्यावर, झकेरियाच्या फ्रेमच्या दुकानात. तिनं दिलेल्या चित्रात खाटेवर शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा होता, म्हणून झकेरियानं आपण होऊनच फ्रेमला चंदनी हार घालून ठेवला होता.

"हार काढ," हौसाबाई म्हणाली. "मेला नाय तो अजून. डोला बघ, उघडा हाय."

झकेरियानं चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. खरंच, डोळा किलकिला होता. "चुकलं, मावशी," म्हणत त्यानं हार उतरवला.

चित्र मूळचं फिलोमिना टीचरच्या घरातलं. त्यांच्या आजारपणात हौसाबाईनं नऊ वर्षं त्यांचं सगळं केलं, म्हणून जायच्या आधी टीचरनं ते तिच्या हातात ठेवलं. कुठल्या तरी परमुलखात तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरून छापलेलं, दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं. येशूचा बाप जोसेफ मरायला टेकलाय, त्याचा हात धरून येशू, उशाशी मेरी, वर ढगांत देवदूतांची ही गर्दी. देवदूतांशी हौसाबाईला काही देणंघेणं नव्हतं. ती बघायची तो धरलेला हात.

कारण तिचा नवरा काशीराम गेला तो हॉस्पिटलात, काचेच्या दरवाजाआड, एकटा. भेटायची वेळ संपली म्हणून भावेशनं, तिच्या मुलानं, तिला घरी आणलं होतं. सकाळी फोन आला. ती बोच तिच्या मनातून कधी गेलीच नाही.

आता भावेशनं नवं घर बांधलं. गृहप्रवेशाला सून रंजितानं वास्तूवाल्यालाही बोलावलं होतं. सामानात चित्र दिसताच त्याचा चेहरा आंबट झाला.

"मरणाचं चित्र आहे. हे आत गेलं तर घराला दोष लागेल."

"आई, देऊन टाक ना कुणाला तरी," भावेश म्हणाला.

हौसाबाईनं चित्र मांडीवर घेतलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली. कलश घेतलेली रंजिता बाहेर, पाहुणे बाहेर, भटजी घड्याळ बघतायत.

"ह्यो आत, तर मी आत. नायतर माजी जुनी खोली बरी."

"आई, मुहूर्त टळतोय. आणि हे अशुभ..."

"कसलं अशुब? मेला नाय तो, मरतोय. आनि घरचे बसलेत जवल. तुज्या बापाचा हात कोनी धरला होता रे? मना तर तू घरी आनलास."

भावेशची मान खाली गेली. वास्तूवाला पुन्हा तोंड उघडणार, तोच भावेशनं त्याला हातानं गप्प केलं. "चित्र घेऊनच आत चल, आई," तो म्हणाला.

कलश आत गेला. भावेश हातोडी घेऊन हॉलच्या भिंतीवर उंच जागा बघू लागला.

"तिथं नाय," हौसाबाई म्हणाली. "माज्या खोलीत. आनि खाली ठोक, पडल्या पडल्या दिसला पायजे."

त्यानं खिळा ठोकला, चित्र टांगलं. हौसाबाईनं खाटेची कड थोपटली.

"आनि माजी जायची येल आली का तू इथं बसायचास. कोनी उठ म्हनला तरी उठायचं नाय."