डाव्या कानावरची टकटक

गेल्या महिन्यात मी या संकेतस्थळाच्या गॅजेट विभागात तीन हेडफोनची तुलना टाकली होती. बास कसा आहे, गाणाऱ्याचा आवाज किती मोकळा येतो, कानाला घाम किती येतो... सगळ्याला गुण दिले. फक्त 'बाहेरचा आवाज किती अडवतो' हा रकाना तिन्हींपुढे कोरा ठेवला. चार-पाच जणांनी विचारलं, काका, विसरलात का? विसरलो नव्हतो. पण त्याचं उत्तर गॅजेट विभागात देण्यासारखं नाही, म्हणून इथे 'अनुभव' सदरात लिहितोय. मी आणि या सदरात, हे बघून काही जण गालातल्या गालात हसतील. हसा.

कारण इथे मला ओळखतात ते भांडखोर म्हणून. चांदीची वायर लावली की आवाज गोड होतो म्हणणाऱ्यांची मी काय गत केली होती, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. भूत, भानामती आणि चांदीची वायर हे माझ्या लेखी एकाच गाठोड्यातलं. आयुष्यभर नोकरी केली ती जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये. बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या, किती उगवल्या ते मोजायचं, आणि शेजारी तुलनेला दुसरा नमुना असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हेडफोनलाही मी तीच शिस्त लावतो.

आता घराबद्दल. अंबड रोडला, शहर संपता संपता आमची कॉलनी आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर. तिथे बसलं की स्वयंपाकघराचं दार डाव्या हाताला येतं. मुलगी पुण्यात असते. बायको, शैला, जाऊन दोन वर्षं होत आली. मी एकटा राहतो.

शैला घनसावंगीकडची. इतकी वर्षं शहरात काढली, पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. मी हेडफोन लावून बसलो की तिच्या हाका मला ऐकू येत नसत. क्लोज्ड-बॅक म्हणजे बाहेरच्या बाजूने बंद असलेले हेडफोन — आतलं गाणं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. आणि मला मधुमेह, सकाळी साखर उतरवायची गोळी असते. ती घेतली की दुपारचं जेवण टाळून चालत नाही. मग ती यायची आणि बोटाचं पेर वाकवून डाव्या कानावरच्या झाकणावर दोनदा वाजवायची. टक टक. डोक्याच्या आतच कोणी दार वाजवल्यासारखं व्हायचं. मी न बघता "आलो" म्हणायचो आणि बसून राहायचो. पुन्हा टक टक, जरा जोरात. तरी हललो नाही तर ती सरळ ॲम्प्लिफायरमधली हेडफोनची पिन उपटायची आणि ॲम्प्लिफायरच्याच डोक्यावर आडवी ठेवून द्यायची.

"दोनदा बोलवीन," म्हणायची, "तिसऱ्यांदा न्हाई. कानाला झापडं बांधून बसायचं तं बसा, पण गोळी घेतलीय ना सकाळी? मंग?"

ती गेल्यावर मी हेडफोन लावणं सोडलं. बंद हेडफोन लागतात ते घरात दुसरं माणूस असतं म्हणून. आता स्पीकर कितीही मोठा केला तरी "बारीक करा" म्हणणारं कोणी नाही. शेजारीसुद्धा म्हणत नाहीत, वाजू द्या बिचाऱ्याला असं वाटत असेल त्यांना. जेवणाचं म्हणाल तर कधी खिचडी, कधी दूध-बिस्किट, कधी तेही नाही. मुलगी फोनवर विचारते, "पप्पा, जेवलात?" मी म्हणायचो, जेवलो. पुण्याहून ताट दिसत नाही हे एक बरं होतं.

तर आपल्या ग्रुपवर ठरलं की मध्यम किमतीचे तीन क्लोज्ड-बॅक हेडफोन कुरिअरने सभासदांमध्ये फिरवायचे, ज्याने त्याने ऐकून मत लिहायचं. माझी पाळी आली. एक काळा प्लास्टिकचा, एक चंदेरी धातूच्या झाकणांचा, एक लाकडी झाकणांचा. मी मनात म्हटलं, चला, दुपार जाईल.

पहिल्या दिवशी काळा लावला. तुलनेसाठी माझं ठरलेलं रेकॉर्डिंग आहे, सारंगीचा आलाप. तबला नाही, टाळ नाही, एकही ठोका नाही. ऐकता ऐकता डोळे मिटले होते. आणि डाव्या कानावर वाजलं — टप टप.

"आलो," मी म्हणालो.

म्हणून झाल्यावर कळलं की आपण काय म्हणालो. हेडफोन काढून डावीकडे बघितलं. स्वयंपाकघराचं दार उघडं, आत ओटा, ओट्यावर सकाळचा चहाचा कप. भीती नाही वाटली, खरं सांगतो. इतकं एकटं मात्र मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

नंतर मी भानावर आलो आणि माझ्या पद्धतीने कामाला लागलो. रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं, तिथे काही नाही. स्पीकरवर लावलं, काही नाही. प्लास्टिक उन्हाने तडकलं असेल, वायर टेबलाला घासली असेल, असं ठरवून टाकलं आणि संध्याकाळी उशिरा कधीतरी दूध प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदेरी लावला. तेच रेकॉर्डिंग, पण या वेळी आलापात बरंच पुढे गेल्यावर वाजलं. आवाज वेगळा होता. ठिण ठिण, स्टीलच्या डब्यावर वाजवावं तसा. त्याच्या पुढच्या दिवशी लाकडी लावला. ठक ठक, भरीव, खोल. आता हेडफोनचा नाद असणाऱ्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांना समजावून सांगतो. आवाज रेकॉर्डिंगमधला असता तर तिन्हीत तोच आला असता, थोडा जाड, थोडा बारीक. हा आवाज ज्याच्या त्याच्या झाकणाचा होता. प्लास्टिकवर वाजवलं तर प्लास्टिकचा, लाकडावर वाजवलं तर लाकडाचा. म्हणजे तो आतून येत नव्हता. बाहेरून कोणीतरी झाकणावर बोट वाजवत होतं.

(आणि सवय जात नाही म्हणतात ते खरं आहे. लाकडीत तो सगळ्यात छान येतो, हे मी तेव्हाही मनात टिपून ठेवलं.)

दोन दिवसांनी दत्ता आला. दत्ता म्हणजे शैलाचा धाकटा भाऊ. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काम असलं की मोसंब्यांची पिशवी घेऊन डोकावून जातो. तो समोर पलंगावर बसला, मी म्हटलं एवढा आलाप संपू दे. लाकडी कानाला होता. आणि त्याच्या देखत वाजलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो."

दत्ता माझ्याकडे बघत राहिला. "कोणाला म्हणले, दाजी?"

मला वाटलं हसेल, पण लपवावंसंही वाटेना. सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आणा इकडं." हेडफोन लावून, डोळे मिटून, मान खाली घालून तो आख्खा आलाप ऐकत बसला. या गड्याला सारंगी आणि सनईतला फरक कळत नाही. शेवटी काढून हातात धरला.

"काही?" मी विचारलं.

"न्हाई. अन् मला कामून बोलवीन ती? मी तं मोंढ्यात भजे-भाकर हाणून आलो. उपाशी तुम्ही हायेत." तो उठून स्वयंपाकघरात डोकावला. कोरडा ओटा बघून परत आला. त्याचा आवाज बदलला होता. "दाजी, तुम्ही जेवण टाळून राह्यले का?"

"नाही रे."

"ताईपुढं चाललं असतं का हे? उठा."

त्याने स्वतः खिचडी टाकली. मीठ जास्त झालं होतं.

दत्ता बोलून गेला, पण लॅबमधल्या माणसाला त्यात प्रयोग दिसला. एक दिवस वेळेवर जेवून मग हेडफोन लावले. तिन्ही, आळीपाळीने, संध्याकाळपर्यंत. काही नाही. दुसऱ्या दिवशी न जेवता लावले. जेवणाची वेळ टळली आणि टक टक. पुन्हा जेवून बघितलं, नाही. पुन्हा न जेवता बघितलं, आली. यापेक्षा स्वच्छ निकाल मी लॅबमध्येही क्वचित पाहिला असेल.

इथे शहाण्या माणसाने काय करावं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण मला ती टकटक हवी होती. दोन वर्षांत मला जेवायला कोणी बोलावलं नव्हतं हो! मी रोज गोळी घ्यायचो, हेडफोन लावायचो आणि उपाशी बसून वाट बघायचो. ती यायची. मी "आलो" म्हणायचो, थोडा वेळ तसाच बसायचो, मग उठून काहीतरी खायचो.

हेडफोन पुढच्या सभासदाला पाठवायचे होते, त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. लाकडी लावला होता. टकटक आली. मी ठरवून उठलो नाही. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, दुसऱ्यांदाही ऐकू. बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा आली... जोरात, चिडल्यासारखी. त्या रागाची ओळख पटून मला चक्क हसू आलं. तरी बसून राहिलो. घाम फुटायला लागला होता, खिडकीचे गज एकाचे दोन दिसत होते. साखर उतरतेय हे मला समजत होतं आणि तरीही उठावंसं वाटत नव्हतं. इथेच बसावं, तिला बोलावत राहू द्यावं, एवढंच वाटत होतं.

आणि सारंगी बंद झाली.

मधेच, सुराच्या ऐन मध्यात. मी डोळे उघडले. रेकॉर्डिंग चालूच होतं, स्क्रीनवरचा काटा पुढे सरकत होता. हेडफोनची पिन निघालेली होती आणि ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर आडवी ठेवलेली होती.

उठलो. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडून मूठभर साखर तोंडात कोंबली आणि तिथेच फरशीवर बसलो. रडलो किती ते विचारू नका.

डॉक्टरांना पिनेचं सोडून बाकी सगळं सांगितलं. ते चांगलेच रागावले. म्हणाले, साखर इतकी उतरली की माणूस काय करतो ते त्याचं त्याला आठवत नाही. मान्य. म्हणजे पिन मीच काढली असेल. धक्क्याने निघाली असती तर टेबलाखाली लोंबकळली असती, वर आडवी राहिली नसती. पण मीच काढून ठेवली असेल. टकटकही माझ्याच डोक्यातली असेल. मग ती प्लास्टिकवर प्लास्टिकसारखी आणि लाकडावर लाकडासारखी का वाजायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे कोणाकडे असेल तर द्या, मी भांडणार नाही. तो रकाना मात्र कोराच राहू द्या. बाहेरचं काही आत येऊ देत नाहीत, असं त्या तिघांबद्दल माझ्याने लिहवत नाही.

हेडफोन पुढे गेले. ज्यांच्याकडे गेले त्यांना आडून आडून विचारलं, त्यांना तसलं काही जाणवलं नाही. त्यांच्या घरी बायको आहे, वेळेवर जेवतात. माझा जुना हेडफोन मी माळ्यावरून काढलाय, कानावरच्या गाद्यांची सालपटं निघालीत, पण वाजतो. दुपारचा ऐकतो. जेवण झाल्यावर.

कारण त्या दिवसापासून मी वेळेवर जेवतो. रोज पिठात हात घातला की वाटतं, आज राहू द्यावं, थोडा उशीर करावा, एकदाच. एवढं केलं तर ती येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग मी भाकरी थापतो, ताट वाढून घेतो आणि जेवतो.