सासूबाईंच्या कमरेवरचे सहा कप

गुरुवार, १६ ऑक्टोबर. दोन महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

सासूबाईंची कंबर वर्षानुवर्षं दुखते. त्यात शुगर. मागच्या आठवड्यात मी कपिंगचा सेट मागवला आणि याच ग्रुपवरचा व्हिडिओ पाहून त्यांच्या कमरेवर सहा प्लास्टिकचे कप पंपाने हवा ओढून बसवले. पाच मिनिटं सांगितली होती, मी वीस ठेवले.

"चरचरते वं माय," त्या म्हणाल्या.

"विष निघतंय," मी म्हणाले. खरं तर कातडीखाली रक्त साकळलं की काळानिळा डाग पडतो, हे मी शाळेत मुलांना शिकवते.

कप काढल्यावर सहा काळेनिळे डाग उरले. त्यातल्या एकावर फोड आला, फुटला, चिघळला. आज राळेगावहून त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

"आजी, हा उद्योग कोणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहाच. सून नाही म्हणे, म्याच आयकलं नाही."

डॉक्टर त्यांना दहा मिनिटं झापत होते. मी शेजारी फाईल धरून गप्प बसले.

एसटीत विचारलं, "आई, खोटं कशाला बोललात?"

"तुले शाळेत लोकं मानतात न वं. मले कोण विचारते?"

त्या व्हिडिओखाली 'विष निघालं' म्हणून हात जोडणाऱ्या शहाण्यांनो, तुमची मला किळस येते. माझी जास्त येते. तुम्ही निदान एका म्हातारीच्या मागे लपला नाहीत.

उद्याचं काम: ड्रेसिंगला नेल्यावर, सासूबाईंच्या समोर, डॉक्टरांना सांगायचं की कप मी लावले.