यीस्ट बसलं का?

आमच्या वेंगुर्ल्याच्या वाइन युनिटमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुपारी डबे उघडले की एखादा निघतोच, आणि त्यात बस्त्यावकाका असतातच. काका टँकवर, मी लॅबमध्ये.

काजूच्या बोंडांच्या रसात यीस्ट घातलं की ते साखर खातं. साखर संपत आली की यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. याला म्हणतात फ्लॉक्युलेशन. त्या बसल्या की वरची वाइन काढून घ्यायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे सगळं मी काकांना वीस मिनिटं, आकृतीसकट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे खमीर गुठळ्या धरून खाली बसता, ताच मा?"

"हो."

"मगे तसा सांग."

*

त्याच हंगामात पुण्याच्या इंजिनीअरांनी गढूळपणा मोजणारा सेन्सर बसवला. चार दिवस झाले तरी आकडा खाली येईना. मॅनेजर म्हणाले, थांबा. पण मी नळातून काढलेली वाइन तर नितळ होती! इंजिनीअर परत आले, लॅपटॉप उघडून बसले. काका शिडीवर चढले आणि सेन्सर बाहेर काढला. काचेवर यीस्टचा थर.

"तुमच्या यंत्राच्या डोळ्यात चिपडां आसत," काका म्हणाले. "आदी त्याचा तोंड धुवा."

आमच्या तक्त्यात तेव्हापासून एक रकाना आहे : 'तोंड धुणे'.

*

एकदा मी चुकले. मायक्रोस्कोपखाली गुठळ्या दिसल्या आणि मी उत्साहात "काढा" म्हणून मोकळी झाले. गुठळ्या झाल्या होत्या, पण अजून बसल्या नव्हत्या. तासाभरात फिल्टर चोंदला. काका आणि मी दिवसभर तो धूत होतो.

मॅनेजर आले. "काढायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आमी दोगांनी."

*

त्यानंतर मात्र, गेली दोन वर्षं, आमचा एकही टँक चुकला नाही. काका ग्लासात नमुना घेऊन खिडकीकडे धरायचे आणि विचारायचे, "काय गो बाय, कसा वाटता?" मी सांगायचे. मग ते ग्लास जरा न्याहाळून "काढूया" नाहीतर "रवांदे अजून" म्हणायचे. मला वाटायचं, परीक्षा घेतायत. पाहुणे आले की मॅनेजर छाती फुगवून सांगायचे, "आमच्या काकांची नजर."

यंदा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांनी यांना गेली दोन वर्षं तरी धड दिसत नसणार."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, मगे तुमी ग्लासात काय बघी होतास?"

"ग्लासात खंय? मी तुझो आवाज ऐकी होतंय," काका म्हणाले. "खात्री आसली की तू हळू बोलतंस."