पहिल्या दुखण्याचे बत्तासे

“दुखलं का?” त्या विचारायच्या. आपण तोंड वाकडं करून “हो” म्हटलं की त्यांचा चेहरा असा काही फुलायचा, की कळवळल्याबद्दल आपल्यालाच अभिमान वाटावा. मग टेबलाचा खण उघडायचा, कागदाची पुडी निघायची आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक बत्तासा पडायचा. महिनोन्‌महिने बधिर राहिलेल्या हातापायात पहिली कळ आली, की सगळ्यांनी तोंड गोड करायचं, अशी त्या खोलीची रीत होती. तुम्हीही दवाखाने कमी पाहिले नसतील. दुखण्याचं असं कौतुक करणारी जागा मी तरी दुसरी पाहिली नाही.

त्या आमच्या पोलाद कारखान्याच्या दवाखान्यातल्या फिजिओच्या ताई. माहेर भंडाऱ्याकडचं, उंची बेताची आणि आवाज मिलच्या गडगडाटातही ऐकू जाईल असा. पांढऱ्या कोटाच्या खिशात कापसाचा बोळा आणि एक बोथट सुई कायम असायची. नवा माणूस आला की नमस्कार-चमत्कार काही नाही. आधी त्याचा पंजा हातात घेऊन, बाजारात वांगी बघावीत तसा उलटसुलट करून बघायच्या.

जुनवानीकडचे एक छत्तीसगढी बाबा तिथे यायचे. लकवा मारल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. त्यांची मुलगी विचारायची, पाणी हवं का, चहा हवा का. बाबा तोंड हलवायचे, शब्द निघायचा नाही, आणि मग डोळे भरून यायचे. एका सकाळी ताईंनी त्यांचा आखडलेला अंगठा सरळ केला, तसे बाबा स्वच्छ बोलले, “पिराथे.” म्हणजे दुखतंय. ताईंनी अंगठा पुन्हा ताणला. “अब्बड पिराथे ओ बाई,” फार दुखतंय, असं बाबा कळवळून म्हणाले. मुलगी रडायला लागली, ताई हसायला लागल्या, आणि आपल्या दुखण्यावर एवढा आनंद कसला ते बाबांना काही केल्या कळेना.

“ठरवून बोलाचा रस्ता बंद हाय त्यायच्या मेंदूतला,” ताई बत्तासे वाटता वाटता मला म्हणाल्या. “पन कळ आली का ते आडरस्त्यानं निघून येते. आता त्याच रस्त्यानं बाकीचे शब्द बोलावून पाहू.”

मी त्या खोलीत पोचलो तो माझ्याच शहाणपणामुळे. उन्हाळा तोंडावर आला होता आणि कूलरचा पत्रा मीच बसवतो म्हणून मी हट्टाला पेटलो होतो. बायको सांगत होती, “मिस्त्रीले बोलवा, तुमाले नाई जमत.” खरंच नाही जमलं. पत्रा सटकला आणि उजवं मनगट कापलं गेलं. डॉक्टरांनी तुटलेली नस शिवली, जखमही भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुकी होऊन बसली. चहाचा गरम पेला धरला तरी पत्ता लागायचा नाही. फोड आला की कळायचं.

आणि मी होतो त्याच प्लांटमध्ये क्रेन ड्रायव्हर. शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या लांबलचक शेडच्या, छताखाली फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये माणूस बसतो, तेव्हा त्याची नजर खाली असते, हुकावर आणि इशारा देणाऱ्या खलाशावर, म्हणजे खालच्या मदतनिसावर. हात हँडलवर असतो. हँडल एकेक खाच पुढे सरकतं, तिला आम्ही नॉच म्हणतो. पहिली हळू, दुसरी जरा जलद, पुढची आणखी जलद. ती बघायची सोय नसते. हातालाच कळावी लागते. नाही कळली तर खाली माणसं उभी असतात.

फोरमनसाहेबांनी सरळ सांगितलं होतं, हात आला तर क्रेन, नाही आला तर टूलरूममध्ये बसून पाने-पेचकस वाटायचे. त्या कामात कमीपणा नाही. पण बारा वर्षं वरून सगळा शॉप पाहिलेल्या माणसाला खिडकीमागे बसायचं जिवावर येतं. मी भ्यालो होतो आणि घरी सगळ्यांवर चिडचिड करत होतो.

ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “भाऊ, कामावर तुमचा हात काय काय पाहते?” हात पाहतो, असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. मी नॉचचं सगळं सांगितलं. त्यांनी ते इतकं मन लावून ऐकलं, की उद्यापासून त्याच क्रेन चालवणार आहेत असं वाटावं.

मग शिकवणी सुरू झाली. डोळे मिटायचे आणि कापडी पिशवीत हात घालून हाताला लागेल ते ओळखायचं. आत किल्ली, नट, चिंचोका, बटण असं काय काय असायचं. मधूनच त्या सुईनं एखादं बोट टोचायच्या. तर्जनीला टोचलं की अंधुक काहीतरी जाणवायचं आणि मी मधलं बोट सांगायचो.

“नस जुळली, पन धागे इकडचे तिकडे झाले,” ताई म्हणायच्या. “तुमची चिठ्ठी शेजाऱ्याच्या घरी पडून राहिली. मेंदूले नवा पत्ता पाठ करून द्या लागते. रोज द्या लागते, न चुकता.”

महिन्याभरात मी पिशवीतली प्रत्येक वस्तू अचूक सांगू लागलो. घरी छाती काढून फिरलो, फोरमनसाहेबांना निरोपही धाडला. खरी गोष्ट अशी होती की माझी बोटं काहीच ओळखत नव्हती, ओळखत होते कान. किल्ली किणकिणते, चिंचोका टकटकतो, बटण जेमतेम कुजबुजतं. आधी हे नकळत झालं. नंतर चांगलं कळूनसवरून मी पिशवी हळूच हलवायचो.

एक दिवस ताईंनी ट्रान्झिस्टर मोठ्यानं लावला आणि पिशवी पुढे केली. मला एक वस्तू सांगता येईना. त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला.

“क्रेनवर नॉचचा आवाज ऐकू येते का, भाऊ?”

“नाही.”

“मंग कावून फसवून राहिले? आनि कोनाले? मले, का खाली उभ्या मानसाले?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मला इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, “कान हुशार हायेत तुमचे. त्यायले आता सुट्टी द्या.”

खोलीत पंख्याचा एक बंद पडलेला रेग्युलेटर होता, पाच खाचांचा. दुसऱ्या दिवसापासून तोच माझी क्रेन झाला. ट्रान्झिस्टर जोरात, माझी नजर खिडकीबाहेरच्या सायकल स्टँडवर आणि मुकी बोटं रेग्युलेटरवर. “कितवी?” “तिसरी.” “पहिली हाय, भाऊ.” बाकीचे पेशंट पोट धरून हसायचे. त्या वेळी रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम असायचा. पावसाळा संपेपर्यंत धानाला कोणतं खत कधी घालावं यावर मी भाषण ठोकू शकलो असतो.

अशाच एका दुपारी अंगठा रेग्युलेटरच्या कडेला घासला आणि कोपरापर्यंत सणसणून कळ गेली. मी हात झटकला. ताई खण उघडायच्या आत जुनवानीचे बाबा बाकावरून पुढे झुकले. आता पाचसात शब्द त्यांच्या तोंडात बसले होते.

“पिराथे?” त्यांनी विचारलं.

“अब्बड पिराथे, बाबा,” मी म्हणालो. दोघंही इतके हसलो की ताईंनी आम्हाला दटावलं.

त्यानंतर पाच खाचा हळूहळू वेगळ्या कळू लागल्या. दिवाळीनंतर फोरमनसाहेबांनी ट्रायल ठेवली. शॉपच्या कोपऱ्यात एक जुना लोखंडी ठोकळा धूळ खात पडला होता. तो उचलायचा, शॉपभर फिरवायचा आणि आखलेल्या चौकोनात ठेवायचा. ताई गेटपास काढून आल्या. हेल्मेट त्यांच्या भुवयांपर्यंत आलं होतं. त्या फोरमनसाहेबांशेजारी उभ्या राहिल्या.

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, नजर हुकावर होती. पहिली नॉच लागली आणि अंगठ्याला कळली. दुसरी कळली. ठोकळा उचलला, फिरवला आणि उतरवताना एकेक नॉच मागे घेत असा टेकवला, की खलाशानं वर बघून मान डोलावली. तो बाजूला झाला तेव्हा ताई पुढे गेल्या आणि त्यांनी ठोकळ्यावर पंजा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मी खाली उतरेपर्यंत त्या गेल्या होत्या, पेशंटची वेळ झाली होती. मी ठोकळ्याजवळ गेलो. धुळीत पाचही बोटं स्पष्ट उमटली होती.

त्याच वर्षअखेरी त्या रिटायर होऊन भंडाऱ्याकडे गेल्या. पुन्हा भेट झाली नाही.

त्या दिवशी ट्रायलनंतर ठोकळा परत कोपऱ्यात ठेवायचा होता. फोरमनसाहेब म्हणाले, उद्या ठेव, घाई नाही. मी त्याच पाळीत ठेवला. खलाशाला सांगितलं, साखळी कडेनं लाव, वरच्या बाजूला धक्का लागू देऊ नको. पहिल्या नॉचवरच, अगदी सावकाश नेला, आणि टेकवला तेव्हा धुळीतला तो पंजा जसाच्या तसा होता.