न सांगितलेला खाडा

आमची आई लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे दारावर पाटी वगैरे नव्हती हं. आम्ही राहायचो तीच एक खोली. बायकामुलं कोकणात ठेवून गिरणीत कामाला आलेले सात-आठ जण तिथे जेवायला यायचे. प्रत्येकाचं पितळेचं ताट वेगळं, भिंतीवरच्या लांब फळीवर ओळीने मांडलेलं. ज्याला रात्री जेवायचं नसेल, त्याने सकाळी जाताना आपलं ताट आपल्या हाताने पालथं घालायचं. त्याला खाडा म्हणायचे. आई दुपारी फळीकडे एकदा बघायची आणि त्या अंदाजाने तांदूळ काढायची. बाबांचंही ताट त्याच ओळीत, आणि त्याच्या पलीकडे कोपऱ्यात तिचं.

बाई एकदम आनंदी. नळाला पाणी आलं नाही तर म्हणायची, "बरा झाला, आज भांडणा नायत." बायका हसायच्या. मला मात्र कधीकधी तिचा रागच यायचा. सगळ्यातच कसलं बरं शोधायचं?

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. त्या दिवशी गिरण्या बंद, आणि आमची सगळी मंडळी सकाळीच मोर्चाला फोर्टाकडे गेलेली. बाबाही. दुपारी रस्त्यावरून माणसं उलटी धावत यायला लागली. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. शेजारच्या काकी धावतच आमच्या खोलीत आल्या. त्यांचे यजमानही बाबांबरोबरच गेले होते.

"अगो, फोर्टात गोळी चालली म्हणतत! आणि तू कोणासाठी रांधतंस?"

आई तांदूळ निवडत होती. सगळ्यांचा, नेहमीएवढाच. काकींना काय वाटलं कोण जाणे, तांदूळ तरी फुकट जाऊ नये असं असेल, त्या फळीपाशी गेल्या आणि पुरुषांची ताटं भराभर पालथी घालायला लागल्या. पितळेचा तो आवाज! बाबांचं ताट पालथं झालेलं बघून मला रडूच फुटलं.

आई उठली. एकेक ताट उचलून परत उताणं ठेवलं, पदराने पुसून. मग म्हणाली, "खाडो कोणी सांगूक नाय. सांगितल्याशिवाय ताट पालथा घालूचा नाय. येतले ते. चलत येतत, वेळ लागतलोच. तू बस आणि लसूण सोल."

आणि काकी बसल्या की हो! रडत रडत सोलत होत्या, पण बसल्या. थोड्या वेळाने आणखी दोघी आल्या, एकीने मसाला वाटायला घेतला. खोलीत बायकाच बायका, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारायचं, "येतीत ना गो?" आई आमटी ढवळत म्हणायची, "येतले तर!" मी गॅलरीच्या कठड्याला चिकटून उभी. खाली रस्ता ओस. पोलिसांची गाडी गेली की मी डोळे मिटून घ्यायची.

दिवेलागणीला गल्लीबोळांतून एकेक जण यायला लागला. कुणाचा सदरा फाटलेला, कुणाची टोपी गेलेली. काकींचे यजमानही आले. सगळे आले. बाबा नव्हते.

काकींचे यजमान आईच्या नजरेला नजर देईनात. "वहिनी, भाऊ माझ्या बाजूकच होते. गर्दीत हात सुटलो."

कुणी ताटाला हात लावेना. तोंडं खाली घालून सगळे भिंतीला टेकलेले. आई म्हणाली, "बसून काय ऱ्हवलास? हात धुवा." पण आवाज जरा चिरकला. मी आईकडे बघितलं आणि मला जी भीती वाटली, ती दुपारीसुद्धा वाटली नव्हती.

तेवढ्यात काकी उठल्या. आपला माणूस घरी आला होता, खरं तर त्यांनी आपल्या खोलीत जायचं. पण त्यांनी बाबांचं ताट फळीवरून काढलं, पदराने लखलखीत पुसलं, खाली मांडलं, समोर पाट ठेवला. "येतले," त्या म्हणाल्या. "खाडो खंय सांगितल्यानी?" मग एकजण म्हणाला, "येतले तर!" दुसराही म्हणाला. दुपारपासून आई म्हणत होती ते आता ती माणसं तिला ऐकवत होती.

पहिला भात वाढून झाला होता तेव्हा बाबा आले. अनवाणी, सदऱ्यावर रक्त. मी किंचाळलेच. "माझा नाय गो, माझा नाय," बाबा म्हणाले. कुणा अनोळखी माणसाला इस्पितळात पोचवून, तिथून चालत आले होते. आई एवढंच म्हणाली, "हात धुवा."

सगळे जेवले. बाबा हात पुसत फळीपाशी गेले आणि तिथेच थांबले. कोपऱ्यातलं आईचं ताट पालथं होतं.

काकी घाईघाईने म्हणाल्या, "मी नाय हां घातलंय ता!"

बाबांनी ताट उताणं केलं. त्याच्यावर आपल्या हाताने भात वाढला, आमटी ओतली आणि आईपुढे ठेवलं. "तू खाडो कधी सांगितलंस गे?"

आई बसली. पहिला घास तोंडात घातला, आणि डोळे पुसत म्हणाली, "मेलो भात गार झालो."

तिच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिलीच कुरकुर.