अंगठ्यावरचा डाग

खंडेराया आमच्यावर रुसला की काय, असं मला गेल्या दसऱ्यानंतर सारखं वाटत होतं. आमच्या घराकडं देवाची घोडी सांभाळायचा मान आहे. चंपाषष्ठीला पालखीपुढं चालते ती आमचीच चांदणी. दसरा झाला आणि चौथ्या दिवशी तिचा पुढचा उजवा पाय सुजला, खुरापासून गुडघ्यापर्यंत, दुधी भोपळ्यासारखा. राहुरीहून जनावरांचे डॉक्टर आले. खूर तपासला, रक्त नेलं, इंजेक्शन दिलं. "काटा नाही, मुका मार नाही. सूज कशाची तेच कळेना," म्हणाले. दोन दिवस उतरायची, की परत चढायची. चांदणी तीन पायांवर उभी राहून माझ्याकडं बघायची आणि मी कपाळाला भंडारा लावून देवाला विचारायची, काय चुकलं रे बाबा?

खरं सांगायचं तर, काय चुकलं ते मला ठाऊक आहे असंच मी धरून चालले होते. दसऱ्याला घोडीला धुऊन झूल घातली तेव्हा माझी सून मंगल हसत म्हणाली होती, "आत्या, किती देखनी दिसतीया ओ! माझीच नजर लागंल हिला." बोलून विसरलीही बिचारी. मी मात्र ते शब्द धरून बसले. सूज आली तसं तिला सुनावलं, "बाई, तू गोठ्याकडं फिरकू नकोस." लग्न होऊन आल्यापासून चांदणीचा चारापाणी तीच बघायची. तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दिवाळी उरकली आणि धनगरांची मेंढरं आमच्या शिवारात उतरली. एका दुपारी एक म्हातारा धनगर दारात आला. "माय, वाईच पानी द्या." तांब्या तोंडाला लावता लावता त्याची नजर घोडीकडं गेली. न विचारताच तो तिच्या पायाशी बसला, खुरावरचे केस बाजूला केले, बोट फिरवलं.

"हिथं बिब्बा कुणी बांधलाय? त्याचं तेल उतलंय. कातडं भाजलंय."

"आमी कशाला बांधू?" माझा मुलगा सुदाम म्हणाला.

"मंग घोडीनंच बांधून घेतला असंल!" म्हातारा हसला आणि रिकामा तांब्या माझ्यापुढं केला. घ्यायला मी हात पुढं केला. अंगठ्यावर काळा डाग होता. त्यानं तो पाहिला, मी हात पदराखाली ओढला तेही पाहिलं. पण मला चारचौघांत उघडं पाडलं नाही. "ज्यानं बांधला त्यानंच सोडावा. जखमंला खोबरेल लावा," एवढं बोलून गेला.

त्याची पाठ फिरली आणि सुदाम मंगलकडं वळला. "तू तर न्हाई ना काय करून ठेवलं?" महिनाभर माझंच ऐकत होता तो. मंगल म्हाताऱ्यानं खाली ठेवलेला तांब्या उचलायला वाकली. तेव्हा मला वाटलं, आता गप्प बसले तर ह्या कपाळाला भंडारा लावायचा हक्कच राहणार नाही.

"म्या बांधलाय रं," मी हात बाहेर काढला. "नजर लागू ने म्हणून."

बिब्बा दाभणानं टोचून काळ्या दोऱ्यात ओवायचा आणि केसांत दिसणार नाही असा बांधायचा. डॉक्टर यायचे असले, की हसतील म्हणून सोडून ठेवायचा. सूज परत चढली, की नजर जबर आहे म्हणून नवा बांधायचा. दसऱ्याच्या रात्रीपासून हे सगळं मीच करत होते. सांगताना मान वर होईना. सुदाम रागानं बाहेर निघून गेला. मंगल आत गेली, खोबरेलाची बाटली घेऊन आली. "आत्या, आधी तुमच्या अंगठ्याला लावा. फोड आलाय."

मग मी बिब्बा सोडायला घोडीपाशी गेले, तर चांदणीनं पाय मागं ओढला. मंगलनं हात लावला, तसा दिला. तिनं पाय धरला आणि मी गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी सुदाम त्या धनगराला शोधायला गेला तर मेंढरं पुढं गेली होती. तो कोण होता ते मी विचारत बसत नाही. माझ्या दारात तो योग्य वेळी आला, एवढं मला पुरे.

चंपाषष्ठीला चांदणी पालखीपुढं चालली. तिला ओवाळायचं ताट यंदा मी मंगलच्या हाती दिलं. तोंडानं मी रोज 'देवा, तुझ्यावर सोडलं' म्हणत होते आणि मागनं गाठ मारत होते. खरं सोडणं काय असतं, ते मला त्या मुक्या जनावराच्या सुजलेल्या पायानं शिकवलं. कातडीवरचा डाग गेला, नखावरचा थोडा उरलाय. भंडारा लावताना दिसतो. दिसू दे.