सायन्स मीच घेतलं

बायको गेली, तिलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला का सांगतोय — नाही सांगता येत. कदाचित तुम्ही आमच्या धाड गावचे नाही, माझ्या बाबांना तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

मी सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो. चांगला पगार, राहायला बंगला, डोक्यावर साहेबी टोपी. संस्कृतची एवढी गोडी असून सायन्सकडे कसे वळलात, असं कुणी विचारलं की मी हसून म्हणायचो — बाबांपुढे काही चाललं नाही. लोक माना हलवायचे. त्या काळचे बाप तसेच, म्हणायचे.

माझे बाबा तसे नव्हते.

आमच्या गावात एक गुरुजी होते. बुलढाण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन धाडला येऊन राहिलेले. एकटेच, मूलबाळ नाही. मला लहानपणापासून त्यांनी संस्कृत शिकवलं. बाबा शेतकरी, अक्षरओळखीपुरते शिकलेले. पण दोघांची मैत्री अशी, की बाजाराच्या दिवशी एकाशिवाय दुसरा घराबाहेर पडायचा नाही. गुरुजींनी भाजी निवडायची, बाबांनी भाव करायचा. मी मॅट्रिक झालो तेव्हा गुरुजी धरूनच चालले — मी नागपूरला जाणार, संस्कृत घेऊन बी.ए. होणार. ते पुढचं सगळं रंगवून सांगायचे आणि मी — मी हो म्हणायचो.

पण तेव्हा आमच्या वऱ्हाडात सायन्सची डिग्री म्हणजे नोकरी, हे कुणीही सांगितलं असतं. मध्यप्रांताच्या सरकारला शेतकी खात्यात, प्रयोगशाळांत माणसं हवी होती, आणि बी.एस्सी. झालेली पोरं होती कितीशी? मला नोकरी हवी होती. रुबाब हवा होता. यात वाईट काय? काहीच नाही. मग हे गुरुजींच्या तोंडावर का सांगवलं नाही मला?

सायन्स घेऊ का, असं बाबांना विचारलं, तेव्हा ते बैलांपुढे सरकी ठेवत होते. म्हणाले, "मले त्यातलं काय समजते बापू? तुले बरं वाटते ते शीक. पण गुरुजीले तू सोता सांग."

मी गेलो. गुरुजी इतके खुशीत होते त्या दिवशी! त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो — "बाबा ऐकत नाहीत."

गुरुजी तसेच उठून आमच्या घरी निघाले. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"नारायणराव, नोकरीच्या लोभापायी पोराची आवड मारताय तुम्ही!"

गुरुजींचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता बाबा मला हाक मारतील. आता मारतील. मग बाबा म्हणाले, "हाव गुरुजी. मीच सांगतलं त्याले. पोटापाण्याचं पाहा लागते ना."

गुरुजी निघून गेले. बाबा आत आले, मला तिथं पाहिलं, आणि पाटावर बसत आईला म्हणाले, "वाढ."

मला काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्या दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. सुटीत मी मलकापूरला गाडीतून उतरून गावी यायचो, तर बाजाराला बाबा एकटेच निघालेले. गुरुजी समोरून दिसले की बाबा रस्त्याच्या कडेला व्हायचे. गुरुजी न बघता पुढे जायचे. दोघांनाही दुसरा सोबती काही मिळाला नाही. मी ठरवायचो — या खेपेला जाऊन सांगायचंच. आणि सुटी संपायची. किती सुट्या गेल्या अशा?

बाबा वारले तेव्हा मी नोकरीत होतो. दहाव्याला लोक पांगल्यावर गुरुजी आले, काठी टेकत. फार थकले होते.

"हट्टी होता नारायण," म्हणाले. "एकदा तरी म्हणायचं होतं, चुकलं माझं म्हणून. मी आलो असतो रे. मी वाट बघत होतो."

ते माझ्याकडे बघत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. आता कुणाला भ्यायचं होतं मला?

"हो गुरुजी," मी म्हणालो. "बाबा हट्टीच होते."